तळ्याकाठचं गाव आणि गावाचं सांडपाणी

माझा एक भाचा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात तो बायको-मुलांना घेऊन आनेसी नावाच्या गावी चार दिवस राहून आला. त्याने फोटो पाठवले नि आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप दोन दिवस त्यातच बुडाला. हिरवंनिळं पाणी, मागे डोंगर, गावातून वाहणारे कालवे, कालव्याच्या मधोमध जहाजासारखी उभी असलेली दगडी इमारत, काठावर फुलांच्या कुंड्या. इकडे पुसदला उन्हाने रस्ते ओस पडलेले. मामू, खाला, चाची सगळ्यांनी ‘माशाअल्लाह’ लिहिलं. मग एकाने लिहिलं, “आपल्याकडे काय आहे असं? धूळ नि गटार.” त्यावर दुसऱ्याने ठणकावलं, “आपल्याकडे लोणार आहे. उल्का पडून झालेलं तळं. फ्रान्सने आणून दाखवावं.” रात्री उशिरापर्यंत ही जुगलबंदी चालली.

मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटली. पहिल्याला वाटतं की सौंदर्य हे त्यांच्याच नशिबात लिहिलेलं आहे. दुसऱ्याला वाटतं की अल्लाहने आपल्याला एक अद्भुत गोष्ट देऊन ठेवली, म्हणजे आपलं काम संपलं. वास्तविक आनेसीचं आजचं पाणी हे नशीब नाही आणि लोणारचं आजचं पाणी हा निव्वळ निसर्ग नाही. दोन्ही ठिकाणी काठावरच्या माणसांनी काय केलं नि काय केलं नाही, याचा हिशोब त्या पाण्यात आहे. त्या हिशोबात आपण मराठी मुसलमान कुठे बसतो, हेही मला या निमित्ताने लिहायचं आहे.

आनेसीचा पाइप

आनेसी हे आग्नेय फ्रान्समधलं, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं जुनं गाव. ज्या साव्हॉय प्रांतात ते आहे, तो प्रांत फ्रान्समध्ये आला १८६० साली. म्हणजे आपल्याकडे ५७चा उठाव होऊन गेल्यानंतर. सोळाव्या शतकात शेजारच्या जिनिव्हाने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, तेव्हा तिथल्या कॅथलिक बिशपला शहर सोडावं लागलं आणि त्याची गादी आनेसीला आली. धर्मावरून हुसकावल्या गेलेल्यांनी या गावाचं महत्त्व वाढवलं. पुढे १७२८ साली जिनिव्हातून पळालेला एक पोरगेलासा मुलगाही इथेच येऊन पोचला. तो म्हणजे विचारवंत रूसो.

फोटोतली ती जहाजासारखी इमारत बाराव्या शतकातली आहे. कधी ती राहण्याची जागा होती, कधी कचेरी, कधी तुरुंग. आज तिच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात.

पण आनेसीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट कोणत्याच फोटोत नव्हती, कारण ती जमिनीखाली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हे तळं आजारी पडलं होतं. काठावरची गावं वाढली, हॉटेलं वाढली आणि सगळ्यांचं सांडपाणी तळ्यात जात राहिलं. पाणी गढूळ होत गेलं, मासे कमी झाले. पॉल-लुई सेर्वेत्ताझ नावाच्या एका स्थानिक डॉक्टरने हे ओळखलं आणि लोकांच्या मागे लागला. तळं मरतंय, हे तो ऐकेल त्याला सांगत सुटला. शेवटी १९५७ साली काठावरच्या गावांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केलं. त्यांनी ठरवलं की तळ्याभोवती सांडपाण्याची मोठी वाहिनी टाकायची, सगळ्या गावांची घाण तिच्यात घ्यायची, तळ्यात थेंबही जाऊ द्यायचा नाही आणि पाणी शुद्ध करून तळ्याच्या खालच्या अंगाला नदीत सोडायचं. हे काम एका निवडणुकीपुरतं नव्हतं, ते वर्षानुवर्षं चाललं. आज युरोपातल्या सर्वांत स्वच्छ तळ्यांत आनेसीचं नाव घेतात आणि गावाच्या नळाला त्याच तळ्याचं पाणी येतं.

विचार करा, १९५७ साली ही गावं श्रीमंत पर्यटनस्थळं म्हणून जगात गाजत नव्हती. युद्धाची झळ सोसून उठलेली माणसं होती. त्यांनी आधी घाट बांधला नाही, विद्युत रोषणाई केली नाही, ‘आय लव्ह आनेसी’ असा लाल बदामाचा फलक लावला नाही. आधी गटार बांधलं. पर्यटक नंतर आपोआप आले.

लोणारच्या कड्यावर

आता लोणार. पुसदहून वाशिम, रिसोड करत सकाळी निघालं की दुपारच्या आत माणूस लोणारला पोचतो. डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं मिळून नऊ जण गेलो. वाटेत तुरीची शेतं, कापसाने भरलेल्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर, अधूनमधून उसाचा रस. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असलं, तरी आम्हा पुसदवाल्यांना ते परकं नाही. १९०५ पर्यंत पुसद तालुका वाशिम जिल्ह्यात होता. इंग्रजांनी जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा तो यवतमाळला जोडला गेला. बोली तीच, पीक तेच, जेवणही तेच. सगळाच वऱ्हाड.

कड्यावर उभं राहिल्यावर पहिली काही मिनिटं कुणीच बोललं नाही. पायाखाली जमीन एकदम संपते. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीची, जवळजवळ दीडशे मीटर खोल, गोल वाटी. वाटीच्या उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, उल्कापाताने तयार झालेलं आणि इतकं टिकून राहिलेलं विवर पृथ्वीवर अगदी दुर्मीळ. चंद्राचा पृष्ठभागही बऱ्याच ठिकाणी बेसाल्टचा असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारच्या दगडांकडे वळतात. वयाबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर. बरीच वर्षं तर हे ज्वालामुखीचं तोंड असावं असाच समज होता. १९७०च्या दशकात आघाताच्या प्रचंड दाबाखालीच घडणाऱ्या काचेसारख्या द्रव्याचे पुरावे इथे मिळाले आणि वाद मिटला.

या एका खड्ड्याला किती जणांनी किती परींनी वाचलं आहे! पुराणकथेत हे लवणासुराचं घर. विष्णूने त्याला मारलं आणि त्यावरूनच लोणार हे नाव पडलं, असं लोक सांगतात. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना या जागेची नोंद घेतली. हिंदूंना ही जागा पवित्र वाटते, हे त्याने लिहिलं. इथल्या डोंगरात काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, हेही लिहिलं. १५९६ साली चांदबीबीने तहात वऱ्हाड मुघलांना दिला होता. हातात आलेल्या नव्या मुलुखात काय पिकतं, काय निघतं, याची ती मोजदाद होती. मग १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी आला आणि युरोपला या तळ्याची ओळख झाली. १९७९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवारसा म्हणून मान दिला. २००० साली अभयारण्य झालं. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, लोणारचं नाव गेलं.

अबुल फजलची नोंद मला सर्वांत जवळची वाटते, त्याचं कारण तो मुसलमान होता हे नव्हे. तो भक्ती आणि व्यवहार दोन्ही एकाच परिच्छेदात लिहितो. इथे लोक पुण्यासाठी अंघोळ करतात आणि इथल्याच खारातून दुसरे लोक पोट भरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर खाराचे पापुद्रे धरायचे. ते खरवडून गोळा करायचे, वाळवायचे, विकायचे. इंग्रजांच्या काळापर्यंत हे चालू होतं. या तळ्याने देवळंही पोसली आणि साबणही. धुण्याचं साबण वापरताना कुणी विचारलं नसेल की हा खार कुणाच्या देवाचा.

आम्ही धारेपाशी गेलो. विवराच्या काठावरून गोड्या पाण्याचा झरा बारमाही पडतो. लोक त्याच्याखाली अंघोळ करतात. तेच पाणी खाली उतरून त्या क्षारीय तळ्याला मिळतं. तळाशी जाणारी वाट झाडीतून जाते. वानरं, मोर, पडझड झालेली जुनी देवळं. पाण्याजवळ गेलं की उग्र वास येतो. हे पाणी पिता येत नाही, त्यात मासेमारी नाही, नौकाविहार नाही. आमच्यातल्या एका पोराची यामुळे फारच निराशा झाली. “मग तळं कशाला म्हणायचं?” तो म्हणाला. प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, जे गोड्या पाण्यात जगूच शकत नाहीत. जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं, तेव्हा कुणी कोप म्हणालं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. त्या वर्षी पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यामुळे ते फोफावले.

“देवळातबी येता ना?”

विवर पाहून आम्ही गावातलं दैत्यसुदन मंदिर पाहायला निघालो. वाट दाखवायला एक तरुण मिळाला. वाटेत त्याने विचारलं, “कुठून आले बाप्पा?”

“पुसद.”

मग आमच्या बायकांच्या डोक्यावरच्या ओढण्यांकडे त्याची नजर गेली. थोडं चालल्यावर हळूच म्हणाला, “देवळातबी येता ना तुमी?”

“आलो तर चालते ना भाऊ?”

“चालते ना! मी नाही म्हनतो का? कोनी येत नाही म्हून इचारलं.”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. ‘कोनी येत नाही’ हे तो खरंच सांगत होता. नंतर त्याने प्रत्येक खांबावरची नक्षी, छतावरचं कोरीवकाम, मंदिराची ताऱ्यासारखी कोनाकोनांची बांधणी इतक्या हौसेने दाखवली की आमची अम्मी त्याला परत परत ‘बेटा, आणखी सांग’ म्हणत होती. तिचं वय सत्तरीच्या पुढे. हेमाडपंती देऊळ आतून बघायची तिची ही पहिलीच वेळ.

पुसदला परतल्यावर मात्र एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं, “लोणारला गेलता म्हणे. तिथे आपलं काय आहे?”

हा प्रश्न मला त्या तरुणाच्या प्रश्नाहून जास्त खुपला. कारण तो एकट्या त्या नातेवाइकाचा नाही, आपल्या घराघरांत मुरलेला आहे. आपल्या कुटुंबांचं फिरणं बघा. अजमेर, खुलताबाद, फार तर हैदराबादचा चारमिनार. जियारतला माझा विरोध नाही; आमच्या घरातही उरुसाला गाडी निघते. पण भूगोल बघायला, दगड बघायला, पक्षी बघायला म्हणून गाडी निघत नाही. बायकांचं तर विचारूच नका. लग्न, मयत, दवाखाना आणि दर्गा, या चार कारणांपलीकडे जिल्ह्याबाहेर न गेलेल्या कितीतरी बायका माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या दारापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर जगातले शास्त्रज्ञ येतात, असं विवर आहे. त्यांना ते कुणी दाखवलेलं नाही.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वारसा म्हटलं की आजकाल तो कुणाचा, हे आधी ठरवलं जातं. किल्ला असो, तळं असो, बारव असो. सांगणारा एका कथेला धरून बसतो आणि त्या कथेत आपल्याला बहुतेकदा एकच भूमिका मिळते, मूर्ती फोडणाऱ्याची. ती ऐकायला पैसे खर्च करून कोण जाईल? म्हणून माणसं जात नाहीत. ती जात नाहीत म्हणून सांगणाऱ्यासमोर कधी वेगळा ऐकणारा उभा राहत नाही, आणि कथा आणखी एकसुरी होत जाते. हे चक्र कुणीतरी तोडायला हवं. सरकार तोडेल याची वाट बघण्यापेक्षा आपण गाडी काढून जाणं सोपं आहे. नऊ जणांनी एका तरुणाला प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, एवढ्यानेही फरक पडतो. पुढच्या वेळी ओढणीवाली बाई दिसली तर तो ‘येता ना’ असं विचारणार नाही, ‘या’ म्हणेल.

‘आपलं काय आहे’ याचं माझं उत्तर असं. पाचशे वर्षांपूर्वी या भागावर एलिचपूरच्या इमादशाहीचा अंमल सुरू झाला होता. त्या घराण्याचा संस्थापक विजयनगरच्या बाजूने आलेला, जन्माने ब्राह्मण होता असं इतिहास सांगतो. मग निजामशाही, मुघल, निजाम आणि भोसले, इंग्रज. या सगळ्यांच्या हाताखाली आपले पूर्वज याच काळ्या मातीत विणत होते, रंगवत होते, पेरत होते. ते इथलेच होते. उल्का पडली तेव्हा तर कुणीच नव्हतं. ना मंदिर, ना मशीद, ना मराठी, ना उर्दू. तिच्यावर मालकी सांगायची तर सगळ्यांनी सांगावी. पण मालकी सांगितली की अंगावर राखणही येते. अमानत या शब्दाचा आपल्याकडे तोच अर्थ आहे. जे तुमच्या मालकीचं नाही, तरी तुमच्या ताब्यात आहे आणि एक दिवस ज्याचा जाब द्यायचा आहे, ते.

सांडपाण्याला जात नसते

लोणारचं खरं दुखणं इथूनच सुरू होतं. २०११च्या जनगणनेत लोणारची लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास होती. गाव विवराच्या काठाला लागून आहे. वस्तीचं सांडपाणी उताराने विवरात जातं, ही तक्रार जुनी आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे लोणारच्या संवर्धनासाठी २००९ पासून याचिका चालू आहे. न्यायालयाने समिती नेमली, सांडपाण्यावर प्रक्रिया, अतिक्रमणं, वेडी बाभूळ अशा एकेका गोष्टीवर आदेश दिले. पूर्वी विवराच्या आत शेती होत असे, ती थांबवली गेली. कामं झाली नाहीत असं म्हणता येणार नाही. पण आनेसीच्या काठावरच्या लोकांनी जे स्वतःहून केलं, ते इथे न्यायालयाला वर्षानुवर्षं पाठ धरून करवून घ्यावं लागतं, हा फरक आहे.

इथे आनेसीची नक्कल करून चालणार नाही, हेही सांगायला हवं. आनेसीचं तळं गोड्या पाण्याचं, त्याचं आरोग्य म्हणजे निर्मळपणा. लोणारचं आरोग्य म्हणजे त्याचा खार. त्यात सांडपाणी आणि जादा गोडं पाणी मिसळत राहिलं की खार पातळ होतो. मग त्या खारावर जगणारे सूक्ष्मजीव टिकत नाहीत आणि त्यांची जागा कुठल्याही डबक्यात सापडणारं शेवाळ आणि जंतू घेतात. म्हणजे लोणारचं पाणी ‘साध्या पाण्यासारखं’ झालं, तर ती सुधारणा नसून त्याचा मृत्यू आहे. आपल्या देशात आपल्यासारख्या लोकांना हे चटकन कळावं. आपलं वेगळेपण राखूनच आपण या मातीचे आहोत, हे आपण रोज सांगत असतो.

म्हणून लोणारला बोटी नकोत, पाण्यापर्यंत डांबरी रस्ता नको, काठावर हॉटेलांची रांग नको. पर्यटन वाढवण्याच्या घोषणा झाल्या की मला भीती वाटते ती याचीच. लोणारला हवा आहे तो आनेसीचा न दिसणारा पाइप. गावातल्या प्रत्येक घराचं पाणी विवराच्या उलट दिशेला नेणारी, दुरुस्त राहणारी, वीज गेली तरी बंद न पडणारी व्यवस्था. तिचं उद्घाटन करताना फोटो चांगला येत नाही, हीच तिची अडचण.

आता या कामात मुसलमानांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. लोणारमध्ये मुस्लिम वस्ती आहे, दलित वस्ती आहे, बाकी सगळे आहेत. गटार सगळ्यांच्या दारातून वाहतं. त्याला जात नसते, धर्म नसतो. उतार असतो फक्त. कुठल्याही तालुक्याच्या गावात बघा, उताराच्या टोकाला कोण राहतं? बहुतेकदा आपणच. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमबहुल वस्त्यांमध्ये मूलभूत सोयींची कमतरता नोंदवून ठेवली आहे. तेव्हा सांडपाण्याची मागणी ही आपल्यासाठी पर्यावरणवाल्यांचा शौक नाही. आपल्या पोरांच्या जुलाब-काविळीचा तो प्रश्न आहे. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण नगरपालिकेत जातो, निवेदन देतो, पाठपुरावा करतो. तेवढीच चिकाटी बंदिस्त गटारासाठी का नको?

दीनच्या बाजूनेही बघा. साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आपण मदरशात लहानपणीच ऐकतो. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करत असलात, तरी पाणी वाया घालवू नका, हेही ऐकतो. वाळवंटात राहणाऱ्या माणसांना पाण्याची किंमत कळली होती. आपण या शिकवणीचा अर्थ वुजूच्या तोटीपुरता ठेवला. एका माणसाने साचलेल्या पाण्यात घाण करायची नाही, तर अख्ख्या मोहल्ल्याने, अख्ख्या गावाने करायची का? जुम्म्याच्या बयानात या विषयाला पाच मिनिटं मिळाली, तर मला वाटतं ते पाच मिनिटं फुकट जाणार नाहीत.

काय करता येईल

मोठ्या योजना मी सुचवत नाही. त्या सुचवणारे पुष्कळ आहेत. आपल्या हातातल्या तीन गोष्टी लिहितो.

पहिली, शाळेच्या सहली. यवतमाळ, वाशिम, बुलढाणा, अकोला या जिल्ह्यांत उर्दू माध्यमाच्या कितीतरी शाळा आहेत. त्यांची सहल निघाली तर ती बागेत नाही तर वॉटर पार्कला जाते. ती लोणारला का जाऊ नये? भूगोलाच्या पुस्तकात बेसाल्ट आहे, विज्ञानात आम्ल-अल्कली आहे, इतिहासात अकबर आहे. लिटमस कागदाची एक पुडी सोबत न्या, पोरांना स्वतः पाण्याचा सामू तपासू द्या. लाल कागद निळा झाला की ते आयुष्यभर लक्षात राहील. मुलींना आवर्जून न्या. घरचे नाही म्हणतील, तर त्यांच्या आयांनाही न्या.

दुसरी, सांगणारे. लोणारमध्ये वाट दाखवणारे तरुण आहेत, त्यांना आधार हवा आणि त्यांच्यात सगळ्या समाजांची पोरं हवीत. हिंदी-उर्दू बोलणारा, अबुल फजलची नोंद आणि लवणासुराची गोष्ट दोन्ही सारख्याच प्रेमाने सांगणारा एखादा मुसलमान पोरगा तिथे उभा राहिला, तर तो एकटा शंभर भाषणांचं काम करेल. बेरोजगारीवर आपण एवढं बोलतो. हाही रोजगार आहे, आणि इज्जतीचा आहे.

तिसरी, आपल्या गावाचं तळं. प्रत्येकाला लोणार नसतं. पण आपल्या प्रत्येक गावात एखादा तलाव, एखादी बारव, एखादा हौद असतोच. त्यात गावाचं पाणी कुठून जातं, हे एकदा पायी फिरून बघा. सोबत शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाला घ्या, मग तो कुणीही असो. नाल्याच्या कडेने चालताना एकमेकांच्या धर्माबद्दल वाद घालायला फारसा उत्साह राहत नाही. नाकावर रुमाल सगळेच धरतात. आनेसीच्या डॉक्टरने याहून वेगळं काही केलं नव्हतं. त्याने पाणी बघितलं, शेजाऱ्यांना दाखवलं आणि ते ऐकेपर्यंत बोलत राहिला.

फ्रान्सला जाणं आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं, फोटो पाठवावेत, आम्ही ‘माशाअल्लाह’ लिहू. बाकीच्यांना लोणारची एसटी आहे. डबा बांधून घ्या, पाण्याच्या बाटल्या घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवा. प्लास्टिक परत आणा. आणि परतल्यावर कुणी विचारलं की तिथे आपलं काय आहे, तर सांगा, एवढं मोठं तळं आहे आणि त्यात जाणारं गटार अजून पुरतं बंद व्हायचं आहे. ते काम आपलंही आहे.